गव्हाण आणि दाढ

फेब्रुवारीत, गाळप ऐन भरात असताना, प्रवरेकाठच्या एखाद्या साखर कारखान्याच्या आवारात रात्री जाऊन उभे राहा. उसाच्या ट्रॉल्यांची रांग फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत आलेली असते. ड्रायव्हर चहाच्या टपरीवर, बैलगाडीवाले शेकोटीपाशी. ताज्या उसाला हिरवट गोड वास असतो. पण जो ऊस तोडून दोन दिवस झाले आणि अजून गव्हाणीपर्यंत पोचला नाही, त्याच्याजवळ गेलं की त्या गोडव्यात आंबूस झाक जाणवते. कोयत्याने तोडलेल्या टोकावर बोट फिरवलं तर बोटाला बुळबुळीत लागतं.

शेतकरी याचा एकच अर्थ घेतो. ऊस वाळला, काट्यावर वजन गेलं. कारखान्याच्या केमिस्टला मात्र त्या बुळबुळीची जास्त धास्ती असते. उसाच्या कापलेल्या तोंडातून एक जिवाणू आत शिरलेला असतो, ल्युकोनोस्टॉक मेसेंटरॉइडिस. तो नुसती साखर खाऊन थांबत नाही. साखरेचे रेणू तोडून त्यातले ग्लुकोजचे मणी एकमेकांत ओवतो आणि लांबच लांब चिकट माळा करतो. या माळांना डेक्स्ट्रान म्हणतात. असा ऊस गाळला की रस दाट होतो, गाळण्या तुंबतात, पॅनमध्ये साखरेचा दाणा चौकोनी न पडता लांबुडका पडतो आणि उतारा घसरतो. म्हणून तोडलेला ऊस २४ तासांत गाळावा असा आग्रह असतो. म्हणूनच मिलच्या खालची रसाची पन्हळं चालू हंगामातही गरम पाण्याने आणि वाफेने धुतात. दोन-चार दिवस दुर्लक्ष झालं तर पन्हळीच्या कडेला साबुदाण्याच्या खिरीसारखा थर धरतो.

तोंडातल्या जिवाणूवरचं प्रकरण कारखान्याच्या आवारात सुरू करायचं कारण आता सांगतो. उद्या सकाळी उठल्यावर, चूळ भरायच्या आधी, जिभेचं टोक खालच्या पुढच्या दातांच्या मागून फिरवा. रात्री घासल्यावर काचेसारखा लागणारा दात आता नदीतल्या शेवाळल्या दगडासारखा लागेल. नखाने खरवडलंत तर नखात पांढरट, लोण्यासारखा कण येईल. याला आपण किटण म्हणतो. मिलिग्रॅमभर किटणात दहा कोटींच्या आसपास जिवाणू असतात. त्यांतला एक साखरेवर नेमका तोच प्रयोग करतो जो ल्युकोनोस्टॉक उसाच्या टोकावर करतो. माळा ओवणारं त्याचं विकरही ल्युकोनोस्टॉकच्या विकराच्याच कुळातलं आहे. याचं नाव स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स. पन्हळ तुंबवणारा आणि दाढ पोखरणारा हे दोघे लांबचे भाऊबंद आहेत.

भाऊबंदांत सगळेच वाईट नसतात, हेही इथेच नोंदवून ठेवतो. केमिस्टची झोप उडवणारा ल्युकोनोस्टॉक इडलीचं पीठ फुगवतो. तुमच्या घरच्या दह्यात स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस असतो, तो तर म्युटन्सच्याच वंशातला. जिवाणूची जात वाईट नसते, त्याला जागा कुठली मिळाली आणि खायला काय मिळालं यावर सगळं ठरतं. म्युटन्सला जागा मिळाली दातावर आणि खायला मिळाली साखर.

आपण म्हणतो, दाताला कीड लागली. शब्द फार जुना आहे. सुश्रुतसंहितेत ‘कृमिदंतक’ नावाचा दंतरोग सांगितला आहे. दातात किडा शिरतो आणि तो दात कुरतडतो ही कल्पना बाबिलोनपासून चीनपर्यंत सगळीकडे होती. आपल्या खेड्यांत भुईरिंगणीच्या बियांची धुरी तोंडात घ्यायची पद्धत होती, आणि धुरी दिली की किडे गळून पडतात असं छातीठोक सांगणारी माणसं अजूनही भेटतात. युरोपातही हाच खेळ खुरासनी ओव्याच्या बिया निखाऱ्यावर टाकून चाले. तापलेली बी तडकते, तिच्यातला पांढरा अंकुर बाहेर येतो आणि तो पाण्यात पडला की थेट अळीसारखा दिसतो. रोग्याला किडा ‘दिसला’, वैदूला पैसे मिळाले, दाढ होती तशीच राहिली. पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ साली ग्रंथ लिहून सांगितलं की आपण सूक्ष्मदर्शकातून किडके दात पाहिले, किडा कुठेही नव्हता.

ऊस पिकवणाऱ्या माणसाला कीड म्हणजे काय ते नीट कळतं. खोडकीड लागली की उसाचा पोंगा वाळतो, पोंगा उपटला तर सहज हाती येतो, खोड चिरलं तर आत अळी सापडते. दाढेचं तसं नाही. दाढ चिरून पाहिली तरी अळी सापडायची नाही. दाढेत जे होतं ते कुरतडण्यापेक्षा आंबण्याच्या जातीचं आहे. उसाच्या टोकाला आलेला तो आंबूस वास आठवा.

हे लक्षात यायला फार वर्षं गेली. डेल्फ्ट गावचा कापडव्यापारी लेव्हेनहूक याने १६८३ साली स्वतःच्या दातांमधलं किटण खरवडून भिंगाखाली धरलं आणि त्यात वळवळणारे जीव पाहिले. पण त्या जीवांचा दात किडण्याशी संबंध आहे असं त्याच्या मनात आलं नाही. दोनशे वर्षांनी बर्लिनमध्ये, रॉबर्ट कॉखच्या परंपरेत शिकलेल्या विलोबी मिलर या अमेरिकन दंतवैद्याने तो धागा जोडला. १८९० सालच्या त्याच्या पुस्तकाचं म्हणणं असं की, तोंडातले जिवाणू पिष्ट आणि साखर आंबवतात, आम्ल तयार होतं आणि आम्ल दात विरघळवतं. बरोबर होतं. फक्त त्याला कुणा एकावर बोट ठेवता आलं नाही.

बोट ठेवलं ते १९२४ साली लंडनमध्ये किलियन क्लार्क याने. किडलेल्या दातांतून त्याने एक जिवाणू वेगळा काढला. हा साध्या पोषकद्रव्यात साखळीने राहणाऱ्या गोल मण्यांसारखा दिसे, आणि आम्लात वाढवला की लांबट, काडीसारखा होई. क्लार्कला वाटलं हा रूप बदलतोय, म्हणून त्याने नाव ठेवलं म्युटन्स, बदलणारा. पुढची पस्तीसेक वर्षं त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. सगळ्यांचा संशय लॅक्टोबॅसिलसवर होता. कारण सोपं होतं, मोठ्या खड्ड्यात तो भरपूर सापडे. पण घर जळाल्यावर जो अंगणात उभा दिसतो त्यानेच काडी लावली असं होत नाही.

निकाल लागला तो हॅमस्टरच्या पिंजऱ्यात. १९६० च्या सुमारास अमेरिकेत पॉल कीज आणि रॉबर्ट फिट्झगेराल्ड यांनी काही पांढरे हॅमस्टर असे पाहिले की, भरपूर साखर खाऊनही त्यांचे दात किडत नाहीत. त्यांना किडक्या दातांच्या हॅमस्टरांबरोबर एका पिंजऱ्यात ठेवलं आणि त्यांचेही दात किडू लागले. मग त्यांनी किडक्या दातांतला स्ट्रेप्टोकॉकस घेतला आणि स्ट्रेप्टोमायसिनला दाद न देणारं वाण त्यापासून तयार केलं. गुरांच्या कानाला बिल्ला मारावा तशी ही खूण होती. तो जिवाणू निरोगी हॅमस्टरांच्या तोंडात सोडला. दात किडले, आणि किडीत बिल्लेवालाच सापडला. दात किडणं हा संसर्ग आहे हे त्या दिवशी सिद्ध झालं. मागाहून कुणाच्या तरी लक्षात आलं की हा क्लार्कचाच जुना म्युटन्स.

आता त्याला जरा जवळून पाहू. एका मिलिमीटरात दीडेक हजार म्युटन्स एका ओळीत बसतील एवढा तो लहान. त्याला पाय नाहीत, शेपटी नाही, पोहता येत नाही. लाळेच्या प्रवाहात पडला तर गिळला जाणार आणि पोटातल्या आम्लात संपणार. तोंडात टिकायचं तर कशाला तरी घट्ट धरलं पाहिजे. गालाच्या आतली कातडी कामाची नाही, ती सारखी झडते. तोंडात न झडणारी जागा एकच, दात.

दात घासून झाले की काही मिनिटांतच त्यावर लाळेतल्या प्रथिनांचा अतिशय पातळ पापुद्रा चढतो. त्यावर आधी येऊन बसतात ते दुसरेच स्ट्रेप्टोकॉकस, सॅंग्विनिस वगैरे, आणि ते बरेचसे निरुपद्रवी. म्युटन्सही त्या पापुद्र्याला धरू शकतो, पण ही पकड कच्ची असते. मग तोंडात साखर येते.

साखर म्हणजे सुक्रोज, एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज यांची जोडगोळी. त्या दोघांना बांधणाऱ्या बंधात बरीच ऊर्जा असते. म्युटन्स आपली विकरं पेशीच्या बाहेर सोडतो. ही विकरं जोडी फोडतात, आणि फोडताना सुटलेली ऊर्जा वापरूनच ग्लुकोजचे मणी माळेत ओवतात. म्युटन्सला पदरची दमडी खर्च करावी लागत नाही. माळ तयार होते ती पेशीच्या अंगावर आणि दाताच्या पापुद्र्यावर. त्यातल्या काही माळा पाण्यात विरघळतात, पण ‘म्युटान’ नावाची जी खास माळ आहे ती विरघळतच नाही. जुन्या वाड्यांच्या भिंती बांधताना घाणीच्या चुन्यात गूळ आणि बेलफळ मिसळत, चुना घट्ट धरावा म्हणून. दाढेच्या खाचेत म्युटन्स गवंडी होऊन बसतो, आणि त्याचा मसाला गुळाचाच.

सुक्रोजचं हे वैशिष्ट्य नीट लक्षात घ्या. भाकरी, भात, नुसता ग्लुकोज, यांतूनही तोंडातले जिवाणू आम्ल करतात. पण त्या चिकट माळा सुक्रोजशिवाय होत नाहीत. आणि गूळ म्हणजेही मुख्यतः सुक्रोजच. ‘साखर वाईट, पण गुळाने काही होत नाही’ असं म्हणणाऱ्या आज्या प्रत्येक घरात आहेत. त्यांच्याशी वाद घालू नये, पण म्युटन्सला काहीलीतला गूळ आणि पोत्यातली साखर यांत फरक कळत नाही. खडीसाखर तर त्याला सगळ्यात सोयीची, कारण आपण ती गालात धरून हळूहळू विरघळू देतो.

मसाल्याने घर पक्कं झालं की उरलेली साखर तो पोटात घेतो. हवा असो नसो, त्याचं चालतं. पण अन्न पूर्ण जाळून सगळी ऊर्जा काढायची सोय त्याच्याकडे नाही. साखर अर्धवट मोडायची आणि उरलेलं लॅक्टिक आम्ल बाहेर टाकायचं, एवढंच त्याला जमतं. दही लावतो तेव्हा विरजणातले जिवाणू हेच करतात. फरक इतकाच की दही पातेल्यात लागतं, आणि हे दाताला चिकटलेल्या चिकट थराखाली लागतं, जिथे लाळ पोचत नाही.

दाताचं बाहेरचं कवच, दंतवल्क, वजनाने ९६ टक्के खनिज आहे. शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ. हाड मोडलं तर जुळतं, दंतवल्क मात्र एकदा कोसळलं की परत उगवत नाही, कारण ते घडवणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येतानाच संपलेल्या असतात. त्या कठीण कवचाचं दुखणं एकच, आम्ल. सामू (पीएच) साधारण ५.५ च्या खाली गेला की त्यातलं कॅल्शियम आणि फॉस्फेट सुटू लागतं. तोंडाचा नेहमीचा सामू सातच्या आसपास. सातावरून पाचावर येणं म्हणजे आम्लता शंभर पट.

इथे म्युटन्सची खरी कर्तबगारी दिसते. आम्ल करणारे तोंडात पुष्कळ आहेत, पण आपल्याच आम्लात बहुतेकांचा जीव गुदमरतो आणि ते थांबतात. म्युटन्स थांबत नाही. त्याच्या पेशीच्या पटलात पंप बसवलेले आहेत. विहिरीत पाणी वाढलं की मोटर चालू करावी तसं तो आत शिरलेलं आम्ल उपसून बाहेर टाकतो. बाहेर सामू पाचाच्या खाली गेला तरी त्याचं साखर मोडणं चालूच. शेजारी मरतात, जागा मोकळी होते, ती हा घेतो. शिवाय जास्तीची साखर तो पेशीत साठवून ठेवतो आणि तुम्ही खायचं थांबवल्यावर तासाभराने ती काढून पुन्हा आम्ल करतो. बेगमी करणारा प्राणी आहे. २००२ साली अमेरिकेत त्याची संपूर्ण जनुकमालिका वाचली गेली. सुमारे वीस लाख अक्षरं, १,९६० च्या आसपास जनुकं. त्यांतली किती जनुकं निरनिराळ्या साखरा आत ओढण्यासाठीच आहेत हे पाहून वाचणारेही चकित झाले.

शेजाऱ्यांशी त्याचं वैर जुनं आहे. सॅंग्विनिस हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतो, आणि ते म्युटन्सला सोसत नाही. म्युटन्स उलट म्युटॅसिन नावाची विषं सोडून सॅंग्विनिसला मारतो. ज्याने दातावर आधी ठाण मांडलं त्याचं पारडं जड. तुम्ही दर दोन तासांनी गोड खाल्लंत तर हे पारडं तुम्ही स्वतः म्युटन्सकडे झुकवता.

दर दोन तासांनी, हे शब्द मुद्दाम वापरले. १९४४ साली रॉबर्ट स्टीफन या अमेरिकन संशोधकाने प्रसिद्ध केलेला एक आलेख दंतवैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला काढावा लागतो. साखरेच्या पाण्याची चूळ भरली की किटणातला सामू काही मिनिटांत धाडकन खाली येतो आणि मग हळूहळू, अर्ध्या ते एका तासाने, पूर्ववत होतो. पूर्ववत करते ती लाळ. ती आम्ल धुते, मारते, आणि सुटलेलं कॅल्शियम-फॉस्फेट दातात परत भरते. म्हणजे दात दिवसभर थोडा झिजतो आणि थोडा भरतो. जमाखर्च जुळला तर काहीच होत नाही.

आता त्या टपरीवरच्या ड्रायव्हरचा हिशेब मांडा. रांगेत रात्रभर थांबायचं, झोप येऊ द्यायची नाही. रात्रीत सहा कप चहा. आपल्याकडचा टपरीचा चहा म्हणजे साखरेचा पाकच. एका चहामागे पाऊण तास धरला तर साडेचार तास दात आम्लात. त्याच सहा कपांची सगळी साखर त्याने जेवणाबरोबर एकदाच खाल्ली असती तर पाऊण-एक तासात विषय संपला असता. साखर तेवढीच, नुकसान कितीतरी कमी. आणि रात्री झोपेत लाळ जवळजवळ आटते. त्यामुळे झोपताना बाळाच्या तोंडात साखर घातलेल्या दुधाची बाटली राहिली तर वरचे पुढचे चार दात वर्ष-दोन वर्षांत काळे पडून झिजतात.

साखर किती यापेक्षा ती किती वेळा, हे ज्या प्रयोगाने पक्कं केलं तो प्रयोग मात्र लाजिरवाणा आहे. स्वीडनमध्ये लुंडजवळच्या व्हीपेहोल्म या संस्थेत मतिमंद माणसांना ठेवलेलं असे. १९४५ नंतरची काही वर्षं त्यांच्यातल्या काही गटांना जेवणाच्या मधल्या वेळांत मुद्दाम चिकट टॉफ्या खायला दिल्या, दात किडतात का ते पाहायला. संमती कुणाची घेतली नव्हती. जेवणाबरोबर साखर खाणाऱ्यांचे दात फारसे किडले नाहीत, टॉफीवाल्यांचे मात्र धडाधड किडले. निष्कर्ष आजही खरा आहे आणि आपण तो वापरतो. पण त्याची किंमत त्या माणसांनी आपल्या दातांनी मोजली, हे सांगितल्याशिवाय तो वापरू नये असं मला वाटतं.

म्युटन्स तोंडात येतो कुठून? बाळ जन्मतं तेव्हा तो नसतो. बहुधा तो घरातूनच येतो, आणि मुख्यतः आईकडून. आई आणि मूल यांच्या तोंडातल्या म्युटन्सचं वाण पुष्कळदा एकच निघतं. अमेरिकेतल्या पेज कॉफील्ड यांनी १९९३ मध्ये मांडलं की मूल साधारण १९ ते ३१ महिन्यांचं असताना, दाढा येऊ लागतात तेव्हा, म्युटन्स ठाण मांडतो. पुढच्या अभ्यासांत तो त्याआधीही सापडला. आपल्याकडे सहाव्या-आठव्या महिन्यात उष्टावण करतात. मामाच्या मांडीवर बसवून खिरीचं बोट चाटवतात, आणि त्याच सुमाराला पहिला दात हिरडीतून डोकावतो. समारंभाच्या नावातच ‘उष्टं’ आहे. पुढे दोन वर्षं आई वरणभाताचा घास आधी स्वतःच्या जिभेवर घेऊन गरम आहे का पाहते, चमचा चाटून पुसून बाळाच्या तोंडात देते, आजी भाकरी चावून मऊ करून भरवते. या मायेच्या वाटेनेच म्युटन्सही पोचतो. आईने घास चाखणं सोडावं असं मी म्हणणार नाही. आईच्या दाढेतला खड्डा आधी भरून घ्यावा, एवढं म्हणेन. बाळंतपणाआधीच घेतला तर उत्तम.

दुसऱ्या टोकाला म्हातारपण. सगळे दात पडले की म्युटन्स तोंडातून बहुतेक नाहीसाच होतो, धरायला कठीण जागाच उरत नाही. कवळी बसवली की परत येतो. कवळीला काय किडायचंय! पण त्याला बसायला पाट मिळाला.

माणसाबरोबर तो किती काळ राहतोय? निरनिराळ्या देशांतल्या म्युटन्सच्या जनुकांची तुलना करून २०१३ साली असा अंदाज बांधला गेला की त्याची लोकसंख्या झपाट्याने वाढू लागली ती सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी. म्हणजे माणूस शेती करू लागला तेव्हा. नगर जिल्ह्याला जुन्या शेतकऱ्यांचा काळ अगदीच परका नाही. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. १९७४ साली तिथे काशाचे रथ, हत्ती, गेंडा सापडले आणि गावाचं नाव जगभर झालं. नेवाशाचं उत्खनन त्याही आधीचं, पुरातत्त्वज्ञ सांकलियांचं. संगमनेरजवळच्या जोर्व्यावरून तर एका अख्ख्या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला नाव मिळालं. या वस्त्यांत लहान मुलं दगावली की त्यांना मातीच्या रांजणांत घालून, रांजणांची तोंडं एकमेकांना जुळवून, घराच्या जमिनीखाली पुरत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे सुभाष वाळिंबे आणि अमेरिकेचे जॉन लुकाक्स यांनी अशा पुरलेल्या माणसांच्या दातांचा बारकाईने अभ्यास केला. हाडं मातीत विरतात, दात टिकतात. जिवंतपणी म्युटन्सपुढे हार मानणारं दंतवल्क मेल्यावर तीन-तीन हजार वर्षं मातीत शाबूत राहतं, ही गोष्ट मला दरवेळी चमत्कारिक वाटते. कारण साधं आहे. माणूस मेला की साखर येणं बंद होतं.

त्या लोकांनी जव, गहू, कडधान्यं पिकवली. आजच्यासारखी पोत्याने साखर त्यांच्या स्वप्नातही नव्हती. ती या खोऱ्यात आली कालव्यांच्या पाण्यावर. अकोले तालुक्यात भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं. आधी बेलापूर कंपनीसारखे खासगी कारखाने आले. मग लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांना बरोबर घेऊन, शेतकऱ्यांच्या मालकीचा कारखाना प्रवरानगरला उभा केला, आणि १९५० साली त्याचा पहिला हंगाम लागला. पुढे नगरने उभ्या महाराष्ट्राला सहकारी साखर शिकवली. पाथर्डी-शेवगावच्या, शेजारच्या बीडच्या ऊसतोडणी कामगारांच्या कोयत्यांवर ती चालली, हेही त्याच दमात सांगायला हवं. त्यांची मुलं ट्रॉलीच्या सावलीत उसाची कांडी चघळत वाढली.

आणि आज लोणीला, प्रवरा कारखान्याच्या पंचक्रोशीत, एक ग्रामीण दंतमहाविद्यालय आहे. दुसरं संगमनेरला आहे, तेही तिथल्या साखर कारखान्याच्या शेजारीच. कुणी योजून केलेलं नाही हे. कारखान्यांतून शिक्षणसंस्था निघाल्या, त्यांत दंतवैद्यकही आलं. तरी एका फाटकातून साखरेची पोती बाहेर जाताना आणि शेजारच्या फाटकातून गाल धरलेली माणसं आत जाताना पाहिली की जरा हसू येतं.

माणसं गाल धरून जातात तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. त्याआधी घरचे उपाय झालेले असतात. लवंग ठीक आहे, तिच्या तेलाने दुखणं खरंच बधिर होतं, पण आंबणं थांबत नाही. राखुंडीने किटण निघतं आणि दात झिजतोही. मिश्रीबद्दल मात्र मला स्पष्ट बोलू द्या. माझी आजी तव्यावर तंबाखू काळीकुट्ट भाजायची, तिचा डबीतला वास मला अजून आठवतो, आणि ‘याने दाढ दुखत नाही’ हे तिचं नेहमीचं उत्तर. दाढ दुखत नसे कारण तंबाखूची गुंगी. म्युटन्सचं मिश्रीने काही बिघडत नाही, हिरड्या सुटतात आणि तोंडाचा कर्करोग होतो.

शास्त्रज्ञांनीही कमी वाटा चोखाळल्या नाहीत. कारखान्यात डेक्स्ट्रान फार झालं तर रसात डेक्स्ट्रानेज हे विकर टाकून माळा तोडतात. हीच युक्ती फिट्झगेराल्ड आणि कीज यांनी १९६८ साली हॅमस्टरांच्या दातांवर केली आणि किटण घटलं. माणसाच्या तोंडात मात्र ती फारशी चालली नाही, कारण आपल्या दातावरची जी न विरघळणारी माळ आहे तिचे सांधे वेगळ्या जातीचे आहेत. लसीचे प्रयत्न १९७० च्या दशकापासून झाले, बाजारात एकही आली नाही. शिवाय आता हेही कळलंय की म्युटन्स एकटा गुन्हेगार नाही. तो नसलेल्या तोंडातही दात किडतात, आम्ल करणारे इतरही आहेत. २०२३ साली लहान मुलांच्या किटणात सेलेनोमोनास स्पुटिजेना नावाचा एक जिवाणू सापडला. हा एरवी हिरड्यांच्या रोगात दिसतो. तो म्युटन्सच्या वसाहतीत अडकतो आणि तिच्याभोवती मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भिंत रचतो, आणि आतलं आम्ल आणखी वाढतं. त्यामुळे ‘एक जिवाणू मारला की काम झालं’ हा हिशेब चुकीचा. मारायचंय ते त्या शेजाराला लागलेलं साखरेचं वळण.

फ्लोराइड का चालतं तेही यावरून कळतं. ते दाताच्या खनिजात बसलं की नवं खनिज सामू ४.५ पर्यंत तग धरतं, आणि जिवाणूच्या साखर मोडण्यातही ते खोडा घालतं. म्हणून साधी फ्लोराइडची पेस्ट, कुठल्याही रंगाची, पुरे. घासून झाल्यावर खळखळून दहा चुळा भरू नका, थुंका आणि सोडून द्या. चुळा भरायच्या त्या चहानंतर, पेढ्यानंतर, उसाच्या रसानंतर. आपल्या आजोबांच्या पिढीत जेवण झालं की मोरीवर जाऊन खळाखळा चूळ भरल्याशिवाय माणूस पानाच्या डब्याला हात लावत नसे. ती सवय ऑफिसच्या बेसिनपाशी परत आणायला काही खर्च येत नाही.

एक गोष्ट घरातल्या लहान मुलाच्या तोंडात आजच पाहा. वरचा ओठ उचला. हिरडीच्या कडेला, दाताच्या मुळाशी, खडूसारखी पांढरी, बिनचमकेची रेघ दिसते का? ती दुधाची साय नाही. तिथलं कॅल्शियम निघून गेलंय, पण कवच अजून कोसळलेलं नाही. या टप्प्यावर फ्लोराइडचा लेप लावून आणि मधलं गोड थांबवून दात परत भरतो, ड्रिलची गरज पडत नाही. ‘दुधाचेच दात आहेत, पडणारच’ म्हणून थांबू नका. दुधाच्या दाढा दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत लागतात. रेघ पांढरी आहे तोवर दवाखान्यात न्या. ती काळी होण्याची वाट पाहू नका.